सराईच्या दरवाजापासून कॅमेऱ्यापर्यंत

इतिहासासाठी राखून ठेवलेल्या संध्याकाळी कामगार चळवळीतल्या माणसाने उभे राहून कॅमेऱ्याची गोष्ट सांगावी, याचे पुष्कळ श्रोत्यांना नवल वाटले असेल. लढाया आणि राजवंश हा इतिहास खराच. पण रात्री माणसे निर्धास्त कशी झोपत, त्यांच्या उशाशी जागे कोण राहत असे आणि त्या जागरणाचे मोल कोण देत असे, हाही इतिहासच आहे, आणि तो आम्हांला अधिक जवळचा वाटतो.

विषयाचे निमित्त अगदी आजचे आहे. जळगाव-धुळ्याच्या पुष्कळ कुटुंबांनी आपली शेतघरे आणि मोकळी पडलेली वडिलोपार्जित घरे प्रवाशांना दोन-चार दिवसांच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली आहे. अजिंठ्याला जाणारे प्रवासी जळगावला उतरतात. चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे, रावेर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत पाल आहे. महाराष्ट्र सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केल्यापासून या धंद्याकडे शेतकऱ्यांचेही लक्ष गेले आहे. मालक शहरात असतो, घर वीस-तीस कोसांवर असते, आणि त्यात दर आठवड्याला अनोळखी माणसे राहून जातात. मग मालक दुकानात जाऊन विचारतो, “कोणता कॅमेरा बसवू?” दुकानदार किती मेगापिक्सल आणि किती रुपये एवढे सांगून मोकळा होतो. पण राखायचे काय, कोणापासून, आणि कोणत्या मर्यादेपर्यंत, हा आधीचा प्रश्न कोणीच कोणाला विचारत नाही. आपल्या मुलखाने मात्र तो चारशे वर्षांपूर्वीपासून सोडवत आणलेला आहे.

खानदेश हा मुळातच वाटेवरचा प्रांत. सुरतेहून बऱ्हाणपूरकडे आणि तिथून उत्तरेस आग्ऱ्याकडे जाणारी मोठी वाट याच मुलखातून जाई. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात याच वाटेने बऱ्हाणपुरास पोचला. कोतवालाने त्याला सराईत उतरवले. तिथल्या विटांच्या, घुमटीसारख्या खोल्या पाहून त्या भट्ट्या आहेत अशी कुरकूर त्याने आपल्या रोजनिशीत केली आहे. वकिलाला खोली आवडली नाही, हे आपण समजू शकतो. पण सराई ही सुखासाठी बांधलेलीच नव्हती. ती रात्र सुखरूप काढण्यासाठी होती.

सराईचा बंदोबस्त कसा चाले, याचे वर्णन निकोलाव मनुची या व्हेनिसच्या माणसाने करून ठेवले आहे. तो १६५६ साली हिंदुस्थानात आला आणि येथेच आयुष्य घालवून गेला. त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा : सूर्यास्ताला सराईचा दरवाजा बंद होई. पहाटे राखणदार ओरडून सर्वांना सांगे की, आपापली चीजवस्तू तपासून घ्या. कोणाचे काही गेले असेल, तर ते सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे.

श्रोतेहो, ही रीत बारकाईने पाहा. राखणदार कोणाच्या खोलीत डोकावत नाही. कोण कोणाबरोबर उतरला आहे, गाठोड्यात काय आहे, रात्री कोण काय बोलले, याची त्याला पंचाईत नाही. तो फक्त दरवाजा सांभाळतो आणि वेळ सांभाळतो. आत गेलेला आणि बाहेर निघालेला यांचा हिशेब जुळला की त्याचे काम संपले. पुढे इंग्रजी अमलात १८६७ साली सराईंचा स्वतंत्र कायदा झाला. जिल्हा मॅजिस्ट्रेट ठरवील तितके पहारेकरी ठेवणे आणि दरपत्रक लोकांना दिसेल असे लावणे, ही सराईवाल्याची कर्तव्ये त्यात लिहिली गेली. पहारेकरी आणि उघड फलक, हे दोन्ही एकाच कलमात आले आहेत. पाहुण्यापासून काही लपवून ठेवू नये, हा त्यातला भाव ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

सराईची गोष्ट मोठ्या वाटेवरची झाली. खेड्यात रात्रीचा जागता माणूस म्हणजे जागल्या. खानदेशात हे काम पुष्कळ गावी भिल्लांकडे असे. वेशीचा राखणदार वेसकर, तो बहुधा महार. गावात परका उतरला की चावडीवर वर्दी जाई. चोरी झाली की जागल्याने माग काढायचा. पावलांचा माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला की तो त्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. मग त्या गावाने माग पुढे न्यावा, नाहीतर चोरीची भरपाई द्यावी, अशी जुनी रूढी दख्खनभर होती. या रीतीतून पहाऱ्याचा दुसरा नियम निघतो. पहारा म्हणजे नुसते पाहणे नव्हे, पाहिल्यावर उत्तर देण्याची जबाबदारीही त्याच्याबरोबर येते. माग जिथे तुटला, तिथला माणूस जबाबदार.

पण ही व्यवस्था गोड करून सांगितली तर तो इतिहास होणार नाही. हे जागरण जातीच्या माथी मारलेले होते. बलुत्याच्या मूठभर धान्यावर आणि तुटपुंज्या वतनावर माणसे पिढ्यान्‌पिढ्या रात्रंदिवस राबवली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते यासाठीच. कनिष्ठ गावकामगारांची वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ सालचा. इतका काळ जावा लागला! गाव निश्चिंत झोपले ते कोणाच्या तरी फुकटच्या जागरणावर झोपले, हे आम्ही कामगारांत वावरणारी माणसे विसरू शकत नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे आला. डोंगरी वाटांची राखण करणाऱ्या भिल्ल नाईकांचे जुने हक्क त्या धामधुमीत विस्कटले होते. कंपनीने प्रथम फौजा डोंगरात पाठवल्या. ताप आणि रान यांनी फौजा खाल्ल्या, पण मुलूख शांत झाला नाही. अखेर १८२५ साली धोरण बदलले. भिल्लांचीच एक पलटण उभी करावी असे ठरले आणि ते काम जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याकडे आले. धरणगाव हे तिचे ठाणे. औट्रम त्यांच्यात जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, आणि ज्यांची धास्ती सरकारने घेतली होती त्यांनाच त्याने पहाऱ्यावर उभे केले. हेतू साम्राज्याचा होता, यात शंका नाही. पण फौजेला जे साधले नाही ते माणसाच्या ओळखीने साधले, ही गोष्ट खरी.

याच व्यवस्थेची दुसरी बाजू म्हणजे खाज्या नाईक. मुंबई-आग्रा रस्त्यावरील सेंधव्याच्या घाटाची राखण त्यांच्याकडे होती. एका चोराच्या मृत्यूबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. सुटल्यावर त्यांना पुन्हा कामावर घेण्यात आले. १८५७ साली मात्र त्यांनी सरकारविरुद्ध शस्त्र उचलले, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे भिल्लांची आणि इंग्रजी फौजेची मोठी लढाई झाली. ज्याला घाटाचा दगडन्‌दगड ठाऊक तो पहारेकरी सत्तेचा राहिला नाही, म्हणजे सारा घाटच तिच्या हातून गेला. पहारेकऱ्याला केवळ हत्यार समजणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा.

आता तिसरी आणि सर्वांत काळी रीत. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. आधी तो उत्तरेकडे होता, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू करता आला. या कायद्याने दाराचा पहारा सोडून माणसावरच पहारा बसवला. अमुक जमातीत जन्मलास ना, मग नाव नोंदव, बोटांचे ठसे दे, हजेरीला उभा राहा, गाव सोडताना परवाना घे. काही केले म्हणून नव्हे, काही करशील म्हणून! १९५२ साली हा कायदा रद्द झाला. पण ज्यांच्यावर एकदा ती नजर बसली, त्यांच्याकडे पाहणाऱ्या समाजाची नजर अजून पुरती निवळलेली नाही. विमुक्त बांधवांना विचारा म्हणजे कळेल.

तात्पर्य, आपल्या इतिहासात पहाऱ्याच्या तीन तऱ्हा दिसतात. एक दाराचा पहारा, दुसरी मागाची जबाबदारी, तिसरी माणसावरची पाळत. पहिल्या दोहोंनी माणसाला झोप दिली, तिसरीने त्याची झोप उडवली. कॅमेरा हे यंत्र या तिन्ही तऱ्हांनी वापरता येते. म्हणून यंत्र निवडण्याआधी तऱ्हा निवडावी लागते.

यंत्राचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. तारेने जोडलेला दूरदर्शी कॅमेरा प्रथम वापरला गेला तो १९४२ साली, जर्मनीत पेनेम्युंडे येथे, अग्निबाणाचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी. तो घराच्या राखणीला आणला मॅरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील परिचारिकेने. कामाच्या वेळा आडनिड्या, वस्ती असुरक्षित, पोलीस हाकेला वेळेवर येत नसत. तिने आणि तिच्या पतीने १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळाले. तिची योजना अशी : दारात वेगवेगळ्या उंचीवर भोके, त्यांवरून खालीवर सरकणारा कॅमेरा, आतल्या पडद्यावर आलेल्याचे चित्र, त्याच्याशी बोलण्याची सोय, दार उघडण्याचे बटण आणि धोक्याची घंटा. एका नोकरदार बाईने बसवलेला हा कॅमेरा दारावर होता आणि बाहेर पाहत होता, हे विसरू नये. बऱ्हाणपूरच्या सराईचा राखणदार आणि क्वीन्सची ही परिचारिका यांचे शहाणपण एकच आहे.

पुढे कॅमेरा स्वस्त झाला, बारीक झाला आणि दारातून आत शिरला. २०१९ साली दक्षिण कोरियात उघडकीस आले की दहा शहरांतील तीस लॉजच्या बेचाळीस खोल्यांत छुपे कॅमेरे बसवून सुमारे १,६०० पाहुण्यांची दृश्ये परस्पर दाखवली गेली. जगभर घरे भाड्याने लावून देणाऱ्या एअरबीएनबी या कंपनीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतील सर्व कॅमेऱ्यांना बंदी केली, मग मालकाने ते आधी सांगितले असले तरीही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ ई हे कलम आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे ७७ वे कलम यांप्रमाणे अशा चित्रणाला तुरुंगवासाची शिक्षा आहे. चार पैशांच्या उत्पन्नासाठी घर उघडणाऱ्या मालकाने हे पक्के ध्यानात ठेवावे. निजण्याची खोली, न्हाणीघर, आतली बैठक, व्हरांड्यातला झोपाळा, येथे कॅमेरा नाही म्हणजे नाही. पाहुण्याने दिलेले भाडे हे त्या चार भिंतींतल्या एकांताचेही भाडे असते.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. शेतघर लहान असेल तर तीन कॅमेरे पुरतात : एक फाटकावर, एक घराच्या मुख्य दाराबाहेर, एक गाड्या लावण्याच्या जागेवर. विहिरीवर मोटार-पंप असेल तर तिथे चौथा. मेगापिक्सलचा आकडा ऐकून भुलू नये. चेहरा ओळखू यायचा तर दृश्याच्या एका मीटर रुंदीत सुमारे २५० ठिपके पडावे लागतात, असा या क्षेत्रातला मान्य दंडक आहे. दोन मेगापिक्सलच्या कॅमेऱ्यात आडवे १,९२० ठिपके असतात, म्हणजे साडेसात मीटर रुंदीपर्यंत तो चेहरा ओळखण्याजोगा दाखवील. चार-पाच मीटरच्या फाटकाला तो पुरेसा आहे. तोच कॅमेरा गच्चीवर टांगून सारे शेत टिपायला लावला, तर माणूस आला एवढे दिसेल, कोण आला ते दिसणार नाही. जागा नेमकी असेल तर साधा कॅमेरा चालतो, जागा चुकली तर महागाचाही वाया जातो.

साठवणीचे गणित मालकाने स्वतः मांडावे. असा एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या बेताने चित्रण करू लागला तर दिवसाला सुमारे २१ ते २२ जीबी जागा खातो. तीन कॅमेरे म्हणजे दिवसाला ६५ जीबी. दोन टीबीची डिस्क घेतली तर महिनाभराचे चित्रण राहते. पाहुणा गेल्यावर तक्रार निघायची ती बहुधा आठ-पंधरा दिवसांत निघते. त्यापेक्षा फार जास्त दिवस लोकांची चित्रे घरात साठवणे ही राखण नव्हे, ते ओझे आहे. खेड्यात इंटरनेट लहरी असते, म्हणून चित्रण घरातल्याच रेकॉर्डरमध्ये, कुलपातल्या कपाटात ठेवावे. वीज जाणार हे धरूनच चालावे आणि रेकॉर्डरला व कॅमेऱ्यांना बॅटरीचा आधार द्यावा.

आमच्या मुलखाच्या दोन खास अडचणी आहेत. पहिली उन्हाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो आणि पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापते. कॅमेरा वळचणीखाली, सावलीत बसवावा आणि तो किती तापमान सोसतो हे कागदावर पाहून घ्यावे. दुसरी धुळीची व किड्यांची. रात्री दिसावे म्हणून कॅमेऱ्यात जे अदृश्य दिवे असतात, त्यांच्याभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि सकाळी पाहावे तो रात्रभर फक्त जाळ्याचे चित्रण झालेले असते! पंधरवड्याला फडके मारणारा माणूस नसेल, तर कॅमेरा आंधळाच समजावा.

यंत्र परक्याच्या हाती जाऊ नये, हाही विचार हवा. २०१६ साली कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द न बदललेले लाखो कॅमेरे आणि तत्सम उपकरणे मिराई नावाच्या प्रोग्रॅमने काबीज केली आणि २१ ऑक्टोबर रोजी त्यांच्या जोरावर अमेरिकेतील इंटरनेटचा मोठा भाग काही तास ठप्प केला. घरोघरच्या पहारेकऱ्यांना कोणी फितवावे तसे झाले. म्हणून परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. आपल्या सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षितता चाचणीचे प्रमाणपत्र सक्तीचे केले आहे, ते पाहिल्यावाचून माल घेऊ नये.

धुळ्याच्या श्रोत्यांना राजवाड्यांची आठवण करून देण्याची गरज नाही. बखरीतल्या ऐकीव मजकुरापेक्षा अस्सल पत्र खरे, हा त्यांचा आग्रह. कॅमेऱ्याचे चित्रण हेही आजचे पत्रच आहे, पण त्यावर तारीख-वार खरा हवा. घड्याळ दोन तास मागे असलेला रेकॉर्डर कोर्टात बखरीच्याच लायकीचा ठरतो. जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात उमेदवारी अर्ज वेळेत आला की उशिरा, हा वाद चित्रणावर येऊन ठेपला होता. त्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की अशा चित्रणाची नक्कल पुरावा म्हणून द्यायची तर त्यासोबत कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र हवे. यंत्र कोणाच्या ताब्यात होते आणि नक्कल कोणी केली, हे सांगणारा माणूस लागतोच. माग हातोहात पोचवणाऱ्या जागल्याची रूढी येथे नव्या वेषात परत आली आहे.

आणि आता आमचा जिव्हाळ्याचा मुद्दा. कॅमेरा बसवला की राखणदार काढून टाकू, पगार वाचेल, असा हिशेब पुष्कळजण करतात. कॅमेरा चोर पाहतो, चोराला हटकत नाही. पाहुण्याच्या लेकराला रात्री ताप आला तर तो डॉक्टर आणत नाही. शेतात साप निघाला तर काठी घेऊन येत नाही. आमच्या कामात एका कारखान्यात असे पाहिले की कॅमेरा बसवला होता तो कामगारांच्या पाण्याच्या टाकीवर, कोण किती वेळ थांबतो ते मोजायला. कोठाराची मागची खिडकी मात्र उघडीच होती, आणि तांब्याची तार गेली ती त्याच खिडकीतून. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याच्यावर पाळत, आणि ज्याच्यापासून राखायचे त्याला वाट मोकळी! शेतघर सांभाळणाऱ्या जोडप्याच्या खोलीवर, त्यांच्या चुलीवर, त्यांच्या दुपारच्या विसाव्यावर कॅमेरा रोखणारा मालक हीच चूक करतो.

महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी-हमालांसाठी आणि १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा केला. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला आणि रात्र जागणाऱ्याला नोंदणी, ठरलेले वेतन आणि भविष्यनिधी मिळावा, हे त्यामागचे तत्त्व. मूठभर बलुत्यावर जागणाऱ्या जागल्यापासून येथवर यायला शतके लागली. दोन-तीन हजारांच्या यंत्राने ती वाटचाल पुसू देऊ नये. राखणदाराला रीतसर पगार द्या, कॅमेरा त्याच्या हाताशी द्या, त्याची साक्ष म्हणून द्या. उद्या पाहुण्याने खोटा आळ घेतला तर ते चित्रण त्या गरिबाला सोडवील. खोली झाडून बाहेर पडलेली बाई रिकाम्या हाताने गेली, हे दाराचा कॅमेराच सांगू शकतो.

पाहणाऱ्यावरही पहारा असावा, हे तत्त्व आता न्यायालयानेही मानले आहे. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा हुकूम दिला, तो कोठडीतल्या माणसाच्या रक्षणासाठी. एकेकाळी ज्या ठाण्यात विमुक्तांची हजेरी होत असे, त्या ठाण्याचीच हजेरी आज यंत्राने घ्यावी, हा इतिहासाचा न्याय म्हटला पाहिजे. हुकूम कागदावरून भिंतीवर उतरवून घेणे हे मात्र नागरिकांचे काम आहे.

तेव्हा ज्यांना घर भाड्याने द्यायचे आहे त्यांनी दुकानात जाण्याआधी कागदावर घराचा नकाशा काढावा. दारे कुठे, वाटा कुठे, एकांत कुठे, यांच्यावर खुणा कराव्यात. दारे आणि वाटा कॅमेऱ्याच्या, एकांत पाहुण्याचा. कॅमेरे कुठे आहेत हे फाटकावर मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत ठळक लिहावे, आणि घराच्या जाहिरातीतही आधीच सांगावे. आवाज टिपणारी कळ बंद ठेवावी. चित्रण कोण पाहील, किती दिवस राहील आणि कोणाच्या लेखी मागणीवर दिले जाईल, हे ठरवून राखणदारालाही समजावून द्यावे. एवढे केले म्हणजे बाजारातला कोणताही प्रामाणिक कॅमेरा चांगला काम देईल, आणि एवढे केले नाही तर सर्वांत महागडा कॅमेराही घराची अब्रू राखू शकणार नाही.